पहिली करवंटी

"रिकाम्या हाताने जाणार?" मेरेसीनीने विचारलं.

शुक्रवारची दुपार होती, साडेतीन वाजले होते. मी यंत्रावर झाकण घालून टेबल पुसत होते. मेरेसीनी माझी प्रयोगशाळेतली मदतनीस. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, जन्माने फिजीची. ती मला डॉक्टर म्हणायची आणि शिकाऊ मुलीसारखी वागवायची.

"मी गिऱ्हाईक म्हणून जातेय," मी म्हटलं.

"सुकदेईने तुम्हाला बोलावलंय ना? बोलावलं म्हणजे पाहुणी. पाहुण्याने कावाचं मूळ घेऊन जायचं. बाजारात कागदात बांधून मिळतं."

"कुठलं घेऊ?"

"कावा तपासायचं मशीन तुमच्याकडे आहे, डॉक्टर. मला काय विचारता?"

याला आता बारा वर्षं झाली. मी पुण्याहून अकरा महिन्यांच्या करारावर फिजीला गेले होते, उसाच्या शेतांनी वेढलेल्या एका गावात. काम कावा तपासण्याचं. कावा हे मिरीच्या कुळातलं झुडूप. त्याचं वाळलेलं मूळ कुटतात, फडक्यातून पाण्यात पिळतात आणि ते मातकट पाणी करवंटीतून पितात. दारूसारखी नशा नसते. जीभ बधिर होते, अंग सैल पडतं, माणसं हळू बोलायला लागतात. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नाव ऐकूनच मला शंका येतेय."

कावाची एक हलकी जात असते. झपाट्याने वाढते, मुळं जाड येतात, पण प्यायल्यावर डोकं दोन दिवस जड राहतं. तिथे तिला दोनदिशीच म्हणतात. गावातल्या कावा बारांत चांगल्या जातीचाच कावा मिळतो की नाही हे पाहून दाखला द्यायचा, असा आमचा प्रकल्प होता. दाखला मिळालेल्या बारावर निळी पाटी लागणार होती. नमुना मालकाच्या नकळत, गिऱ्हाईक म्हणून जाऊन, प्यायला दिलेल्या करवंटीतूनच घ्यायचा असा नियम होता. ते काम पुरुष सहकारी करत. मी कुठल्याही कावा बारात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

सुकदेई अर्ज द्यायला आली तेव्हा माझी तिची ओळख झाली. साठी ओलांडलेली, फुलाफुलांचा झगा, डोक्यावर ओढणी. तिचा आजा कलकत्त्याहून जहाजाने, गिरमिटावर म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यात आला होता. तिची हिंदी आपल्याकडच्या हिंदीपेक्षा वेगळी, पण दोन दिवसांत कानाला सवय झाली. माझं गाव मिरज हे ऐकून ती म्हणाली, "ते कलकत्त्याच्या जवळ की लांब?"

"लांब."

"मग असू दे. तरी तू आपलीच. एका संध्याकाळी ये, बहिनी. मला माझा कावा तुला पाजायचाय."

तिच्या बाराचा नमुना घ्यायचा राहिलाच होता. मला वाटलं, एका फेरीत दोन्ही कामं होतील. वेळेची काटकसर मला नेहमीच आवडत आली आहे.

बाजारात सात-आठ गाळ्यांवर मुळांच्या जुड्या होत्या. बऱ्याचशा वेड्यावाकड्या, केसाळ, माती लागलेल्या. एका गाळ्यावर मात्र जाड, सरळ, एकसारख्या कापलेल्या मुळांची जुडी दिसली. नमुने एकसारखे असले की मला बरं वाटतं. विकणारा म्हणाला, "हे दुसऱ्या बेटावरचं. लवकर लागतं." मी ती जुडी वर्तमानपत्रात बांधून घेतली, वरून लाल फीत. ती पर्समध्ये अर्धवटच मावली. पर्सच्या आतल्या कप्प्यात झाकणाची एक परीक्षानळी आधीच ठेवलेली होती.

सुकदेईचा बार म्हणजे तीन बाजूंनी उघडी पत्र्याची शेड. समोरून ऊस वाहणाऱ्या छोट्या आगगाडीचे रूळ गेले होते. जमिनीवर चटया, मधोमध चार पायांची मोठी लाकडी काठवट मातकट पाण्याने भरलेली, आणि भोवती तीन-चार माणसं मांडी घालून बसलेली. ऊन अजून रुळांवर होतं.

"आली," सुकदेई म्हणाली. "बस. चपला राहू दे तिथेच, कोणी नेत नाही. नेल्या तर हा टॅक्सीवाला नेईल."

"मला बायकांच्या होत नाहीत, आजी," टॅक्सीवाला म्हणाला. सगळे तिला आजीच म्हणत. तोच शब्द, तोच अर्थ. मला ते ऐकून घरासारखं वाटलं होतं. "बहिनी विमानाने आल्या का?"

"हो."

"आमचे आजे जहाजाने आले. परतीचं तिकीट हरवलं, म्हणून मी इथे टॅक्सी चालवतो."

खांबाला टेकून एक धिप्पाड, पांढऱ्या केसांचा फिजियन माणूस बसला होता. सुकदेईने त्याच्याकडे हात केला. "हा जोने. याच्या डोंगरावरचं मूळ आहे म्हणून हा बार आहे. माझा नवरा गेला तेव्हा घरात पीठ नव्हतं. हा एक पोतं मुळं घेऊन आला आणि म्हणाला, दीदी, कुटायला घे. तेव्हापासून तीस वर्षं झाली. दुसऱ्या कोणाचं मूळ मी घेतलेलं नाही."

"दीदी जेवायला देते," जोने हिंदीत म्हणाला. "दर शुक्रवारी रोटी आणि भोपळ्याची भाजी. तीस वर्षं भोपळा."

"दुसरं काही केलं तर खातोस का?"

"दुसरं कधी केलंस?"

मी पर्समधून जुडी काढली. सुकदेईने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि फीत न सोडता जोनेकडे दिली. जोनेने ती समोर ठेवली, डोकं खाली घातलं आणि फिजियन भाषेत बराच वेळ, अगदी हळू, काहीतरी म्हटलं. मग हातांची ओंजळ करून तीनदा टाळी दिली. इतरांनीही दिली. मग तो जुडी घेऊन मागच्या बाजूला गेला. फीत सोडल्याचा आणि कागद फाटल्याचा आवाज आला. त्यानंतर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मी मागे वळून पाहिलं तर तो एक मूळ मोडून नाकाशी धरून उभा होता. आमची नजरानजर झाली. त्याने मान किंचित लववली, आणि लोखंडी मुसळ उचललं.

धप, धप, धप. आम्ही बोलत राहिलो. सुकदेईने भरलेली काठवट बाजूला सारली आणि एक छोटी काठवट ओढणीच्या टोकाने पुसून माझ्यासमोर ठेवली. मला वाटलं, बाईमाणसासाठी वेगळी असेल. मिरजेत आमच्या घरीही कोणाकोणासाठी वेगळी भांडी होती.

जोनेने त्या काठवटीत फडकं पिळलं. सुकदेईने करवंटी बुडवली. "आधी एक टाळी. मग बुला म्हणायचं आणि एका दमात प्यायचं. मग तीन टाळ्या. भरती की ओहोटी?"

बुला म्हणजे तिथला रामराम; भरती म्हणजे काठोकाठ, ओहोटी म्हणजे अर्धी. मी ओहोटी म्हटलं. चव मातीची आणि मिऱ्याची, शेवटी कडवट. अर्ध्या मिनिटात जिभेचं टोक गेलं. मी तीन टाळ्या दिल्या. टॅक्सीवाला म्हणाला, "पास."

मग माझ्या सोबतीला टॅक्सीवाल्याने आणि जोनेने त्याच काठवटीतून एकेक घेतली. सुकदेईला डॉक्टरने मना केलं होतं, ती नुसती वाढत होती. जोनेने पिऊन झाल्यावर करवंटीच्या तळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने तीन टाळ्या दिल्या, एकेक मोजून.

"छान आहे," तो म्हणाला. "पाहुण्यांनी त्रास घेतला."

दुसरी करवंटी मी पुढ्यात ठेवून घेतली. तेवढ्यात रुळांवरून उसाची गाडी आली. सगळे तिकडे पाहू लागले. सुकदेई आतून माझ्यासाठी संत्र्याच्या फोडी आणायला गेली होती. मी नळी काढली, भरली, झाकण लावलं आणि पर्समध्ये ठेवली. गाडीचे बारा डबे होते. शेवटचा डबा जाण्याआधी माझं काम झालं होतं.

"जोने, आज एकच?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"उद्या खणायचंय." तो उठला, रोटीभाजीचं गाठोडं घेतलं. "मी निघतो, दीदी."

सुकदेईने संत्र्याची फोड माझ्या हातात दिली आणि मी निघेपर्यंत माझा हात धरून बसली. तिचा हात खरखरीत होता. पर्स माझ्या दुसऱ्या बाजूला होती.

शनिवार आणि रविवार माझं डोकं जड होतं. मला तो पहिला पुरावा वाटला.

सोमवारी नमुना वाळवून ॲसिटोनमध्ये हलवला. चांगला कावा फिकट पिवळा उतरतो. हा नारिंगी उतरला. यंत्रावर मर्यादा ०.९ ची होती, त्यावर गेलं की हलकी जात. आकडा आला १.४१. मी दोनदा पुन्हा लावला. १.४०, १.४१. मी अर्ज भरला. 'नमुना कुठून घेतला' या रकान्यात लिहिलं: ग्राहकास दिलेल्या करवंटीतून. खाली सही केली.

निकालाचं पत्र गेल्यावर तिसऱ्या दिवशी सुकदेई आली. सकाळचे नऊ वाजले होते. ती दारातच उभी राहिली. मी तिला खुर्ची दिली तर ती खुर्चीच्या कडेला बसली.

"बहिनी, मशीन चुकतं का?"

"चुकू शकतं. म्हणून आम्ही तीनदा लावतो. तिन्ही वेळा तेच आलं."

"तुझ्या हाताने लावलं?"

"हो."

"म्हणजे माझ्या काठवटीत ते होतं."

"करवंटीत होतं," मी म्हटलं. मला अचूक बोलायची सवय आहे.

"कोण आलं होतं नमुना घ्यायला? कुठल्या दिवशी?"

"ते सांगता येत नाही, आजी. नियम आहे."

तिने मान हलवली. नियम तिला पटला होता. "तू आपली म्हणून तुला विचारते. दुसऱ्या कोणाचं मूळ मी घेत नाही, तुला ठाऊक आहे. मग हे जोनेनेच आणलं ना?"

"मी तसं म्हणू शकत नाही."

"म्हणू नकोस. तू चांगल्या घरची आहेस." ती उठली. "जोनेचा मुलगा शहरात गेला, जोनेला एकट्याला आता डोंगर चढवत नाही. जाड मूळ लवकर येतं. दोन वर्षांत काढता येतं. मला सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं? थोडं कमी आण म्हटलं असतं. तीस वर्षं, बहिनी. मला फसवायची गरज नव्हती."

मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. ती रडली नाही. रस्त्यापलीकडे गेल्यावर वळून तिने मला हात केला.

तीन आठवड्यांनी मेरेसीनीने मला तिच्या मावशीकडे नेलं. या वेळी मूळ मेरेसीनीने निवडलं, वेडंवाकडं आणि केसाळ. मावशीने जुडी घेतली, टाळ्या झाल्या, कोणीतरी मागे जाऊन कुटायला लागलं. समोर कावाने भरलेली काठवट होती. मावशीने ती बाजूला सारली आणि दुसरी, रिकामी, पुढे ओढली.

"ही बायकांसाठी का?" मी मेरेसीनीला विचारलं.

"कशी बायकांसाठी? ही तुमची."

"माझी म्हणजे?"

"तुम्ही आणलेलं मूळ यात पिळणार. पाहुण्याचं मूळ पाहुण्यासमोर कुटतात आणि पहिली करवंटी पाहुण्यालाच देतात. जुन्यात मिसळत नाहीत."

"नेहमी?"

"नेहमी. नाहीतर काय, तुमचं ठेवून घ्यायचं आणि तुम्हाला सकाळचं उरलेलं पाजायचं?" ती हसली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय झालं?"

"आणि मूळ वाईट निघालं तर?"

"तर प्यायचं आणि छान आहे म्हणायचं. पाहुण्याच्या मुळाला नावं ठेवत नाहीत. माझ्या आजोबांनी एकदा बुरशी आलेलं प्यायलंय."

रविवारी मी एकटीच प्रयोगशाळेत गेले. पर्स उलटी करून कागदावर झटकली. बसचं तिकीट, एक टाचणी, आणि त्या जुडीतून मोडून पडलेले मुळाचे तीन तुकडे. एकूण वजन सव्वा ग्रॅम भरलं, आणि चाचणीला तेवढं पुरतं. ते दळून ॲसिटोनमध्ये हलवले. रंग उतरायला लागला तेव्हाच मला कळलं, तरी मी यंत्रावर लावलं. १.४२.

मला माझ्या हातून घडलेल्या गोष्टींची यादी करता येत होती, आणि मी ती मनात नीट केली. बाजारातलं मूळ मी निवडलं होतं. पाहुणी म्हणून गेले होते आणि नमुनाही घेतला होता. माझंच मूळ मी त्या घरातून चोरून आणलं आणि त्या घराच्या नावावर टाकलं. जोनेने ते मूळ मोडून हुंगलं होतं. तीस वर्षं कावा लावणाऱ्या माणसाला ते ओळखायला माझ्या यंत्राची गरज नव्हती.

सोमवारी मी तो निकाल रद्द करण्याचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: नमुना हाताळण्यात त्रुटी. ते खोटं नव्हतं. कोणी जास्त विचारलं नाही. एका सहकाऱ्याने जाऊन नवा नमुना आणला, तो ०.६२ आला, आणि सुकदेईला दाखला मिळाला. माझ्या वहीत चूक दुरुस्त झाली होती. सुकदेईला खरं काय ते मी स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं, आणि उद्या, परवा करत माझ्या करारातले शेवटचे नऊ दिवस घालवले.

निघण्याच्या आदल्या दिवशी पाच वाजता गेले. बसमध्ये वाक्य तयार केलं होतं. हिंदीत, सोप्या शब्दांत, सुकदेईला लगेच कळेल असं: आजी, ते वाईट मूळ मी आणलं होतं, आणि नमुनाही मीच नेला होता.

निळी पाटी लागली होती. खांबापाशी, जोनेच्या जागी, दोन पोती ठेवलेली होती, त्यांवर कोणा दुसऱ्याच गावाचं नाव.

"ये, बस," सुकदेई म्हणाली. माझ्या हातांकडे पाहून ती हसली. "आज हात मोकळे? बरं झालं. आता तू पाहुणी नाहीस, घरची झालीस."

मी बसले. "आजी, जोने—"

"येऊन गेला." तिने करवंटी फडक्याने पुसली. "मुळाची जुडी घेऊन आला होता, माफी मागायला येतात तसा. मी विचारलं, तू मिसळलंस? नाही म्हणाला. मग कुठून आलं? गप्प. मी म्हटलं, तुला माहीत आहे, तुझ्या तोंडावर दिसतंय. तर म्हणाला, माहीत आहे, दीदी, पण ते मी बोलू शकत नाही. बस, मग मला कळलं. निर्दोष माणूस असं कशाला बोलेल?"

"आणि जुडी?"

"मी हात लावला नाही. घेऊन गेला परत."

मूळ घेऊन आलेल्याला परत पाठवणं म्हणजे नातं तोडणं, हे मला तोवर कळत होतं. टॅक्सीवाला रुळांकडे पाहत होता. तो म्हणाला, "आजी, जाऊ दे ना आता."

"का जाऊ दे? दुसऱ्याचं मूळ घेतलं आणि कागद साफ आला. बहिनीच्या मशीनने सांगितलं." ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता, आणि माझ्याबद्दलची एक खात्री होती. "तुझं मशीन नसतं तर मी त्याला मरेपर्यंत भाऊ म्हणत राहिले असते. भरती की ओहोटी?"

मेरेसीनी अजून वर्षातून एकदा लिहिते. त्यानंतर तीन वर्षांनी जोने गेला. सुकदेई त्याच्या गावी गेली नाही, असं तिने एका ओळीत कळवलं होतं, सहज, पावसाची बातमी दिल्यासारखं.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "भरती."

सुकदेईने करवंटी काठोकाठ भरून दोन्ही हातांनी पुढे केली. मी एक टाळी दिली, बुला म्हटलं आणि एका दमात प्यायले. मग तीन टाळ्या दिल्या. ती माझ्या तोंडाकडे पाहत थांबली होती, कसा आहे ते मी सांगेन म्हणून. कावाने जीभ बधिर व्हायला साधारण अर्धं मिनिट लागतं. तेवढा वेळ माझ्याकडे होता.

"छान आहे," मी म्हटलं.